रांगेतला सतरावा

१

शनिवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वर्षालीने लोखंडी कपाट उघडले, तेव्हा नोंदवही जागेवर नव्हती. कुलूप शाबूत होते. किल्ली नेहमीच्या खिळ्याला लटकत होती. वहीशेजारचे हातमोज्यांचे खोके, थर्मामीटर, औषधांच्या पट्ट्या सगळे जसेच्या तसे होते. गेली होती फक्त वही.

त्याच्या वीस मिनिटे आधी अमरावतीच्या प्रयोगशाळेतून फोन आला होता. गुरुवारी घेतलेल्या चौतीस नमुन्यांपैकी तेहतिसांत काही निघाले नाही. सतरा नंबरच्या नमुन्यात विषाणू सापडला.

आणि सतरा नंबर म्हणजे कोण, हे त्या वहीखेरीज कुठेही लिहिलेले नव्हते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, बंद पडलेल्या जकात कचेरीत बेघरांचा निवारा आहे. कोरोना येऊन गेला तेव्हा या लोकांची तपासणी सर्वांत शेवटी झाली होती, आणि तीही त्यांना एका शाळेत कोंडून. तीन आठवड्यांनी सोडले तेव्हा कुणाची हार विकायची जागा दुसऱ्याने घेतली होती, कुणाची हातगाडी नाहीशी झाली होती. म्हणून या वर्षी श्वासातून पसरणारा नवा विषाणू देशात दोन-तीन ठिकाणी दिसताच सरकारने पूर्वतयारीचा आदेश काढला की ज्यांना पत्ता नाही त्यांची तपासणी आधी करा. निवाऱ्यातली आरोग्यसेविका वर्षाली हिने प्रत्येकाला शब्द दिला होता, की कुणालाही कोंडणार नाही, आजारी निघेल तेवढाच अमरावतीच्या दवाखान्यात जाईल. त्या शब्दावर चौतीस जणांनी नमुन्यासाठी तोंड उघडले होते.

साडेनऊला वर्षालीने वरच्या अधिकाऱ्यांना वही हरवल्याचे कळवले. त्यांनी आवाज न चढवता सांगितले, की संध्याकाळी पाचला बस येईल. तोवर सतरा नंबर सापडला तर बस रिकामी परत जाईल. नाही सापडला तर चौतीसही जणांना शहराबाहेरच्या बंद वसतिगृहात एकवीस दिवस ठेवले जाईल, बाहेर कुलूप.

पुन्हा नमुने घेतले तरी निकाल यायला दीड दिवस लागणार होता. वर्षालीकडे साडेसात तास होते.

तिने अमरावतीला महादेवराव साहेबांना फोन लावला.

२

महादेवराव साहेब निवृत्त आरोग्य अधिकारी. बेघरांच्या तपासणीची जी पुस्तिका आता विभागभर वापरतात, तिच्यावर त्यांचे नाव आहे. पुस्तिका मी लिहिली आहे. मी त्यांच्या कचेरीत सांख्यिकी कारकून होतो, एकतीस वर्षे, आणि ते बोलत आणि मी लिहीत असे. त्यामुळे ती नेमकी कुणाची, हे माझे मलाही ठरवता आलेले नाही. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना सल्लागार नेमले आणि ते कुठेही जाताना मला सोबत नेतात. माझे नाव मोरोपंत. ते मला पंत म्हणतात.

त्या दिवशी ते मला घ्यायला घरी आले. ते ओसरीवर पाच मिनिटे बसले असतील, तेवढ्यात माझी पत्नी सिंधू हिने डबा भरला. डब्यात पातोडीची भाजी होती. आमच्याकडे शनिवारी पातोडी कधी होत नाही. "भाऊजींना आवडते," ती ओसरीकडे पाहत म्हणाली. मी डबा पिशवीत ठेवला. मलाही आवडते, पण हे तिला छत्तीस वर्षांत सांगायचे राहून गेले आहे.

गाडीत मी साहेबांना एक गोष्ट कबूल केली. नाव आणि नंबर एकाच वहीत असावेत, तिची दुसरी प्रत नसावी, मोबाइलवर फोटो काढू नये आणि प्रयोगशाळेला फक्त नंबर जावा, हा नियम पुस्तिकेत मी घातला होता. कोरोनात आजाऱ्यांच्या याद्या मोबाइलवरून गावभर फिरल्या आणि लोकांनी त्यांना ओट्यावर बसू दिले नाही, म्हणून. आता तोच नियम चौतीस जणांच्या मुळावर आला होता.

"नियम बरोबर हाय, पंत," ते म्हणाले. "चोरी झाली म्हणून कोनी दार बसवनं सोडत नाई."

असे काही ते सहज बोलून जातात. मग मूर्तिजापूरपर्यंत ते झोपले आणि मी त्यांच्या पांढऱ्या शुभ्र सदऱ्याकडे बघत बसलो.

बाराला आम्ही निवाऱ्यात पोचलो. वर्षाली दारातच उभी होती. तिने सोमवारी सापडलेल्या पहिल्या आजारी बाईपासून एका दमात सगळे सांगितले आणि शेवटी जे सांगितले त्याने साहेबही थांबले. वही तिने सकाळी आठला हजेरीसाठी काढली होती आणि स्वतः परत ठेवली होती, आणि नऊपर्यंत ती कपाटासमोरच बसून होती. फोन नऊला आला, तोही तिने पडवीत, सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून घेतला होता, कारण आत रेंज नसते.

म्हणजे वही गेली ती निकाल ऐकल्यानंतरच्या वीस मिनिटांत.

३

साहेबांनी पहिल्यांदा बंडूला बोलावले. बंडू हा निवाऱ्याचा राखणदार, सहा वर्षांपासून. किल्ली त्याच्याच खोलीबाहेरच्या खिळ्याला असते. त्याने सांगितले, की नऊला तो पडवीत होता, फोन ऐकला आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला. किल्ली कुठे असते हे निवाऱ्यातल्या मांजरीलाही ठाऊक आहे.

मग त्याने न विचारता आणखी बरेच सांगितले. वर्षाली येऊन आठ महिने झाले आणि पेपरात फोटो तिचा आला. फोटोत त्याचा अर्धा हात दिसतो. ते कात्रण त्याने खिशातून काढून दाखवले. खरोखरच अर्धा हात होता.

"सहा वर्सं संडास म्या धुतले, साहेब," तो म्हणाला. "अन् पेपरवाला मले मनते, जरा बाजूले सरक."

मी ते माझ्या वहीत लिहून घेतले. मला ऐकलेले सगळे लिहून घ्यायची सवय आहे, कामाचे असो नसो.

दुसरी हर्षा, नमुने घेणारी परिचारिका. ती फोन आला तेव्हा तिथे होती, पण तेवढ्यात शहरातल्या दवाखान्यात निघून गेली होती. साहेबांनी तिला बोलावून घेतले. तिचे म्हणणे, हे निवाऱ्याचे काम आधी तिला मिळणार होते. वर्षालीला गोड बोलता येते म्हणून तिला मिळाले. नमुने घेताना रांगेतले लोक "वर्षालीताई असल तरच तोंड उघडतो" म्हणत होते, तेही हिने मला दोनदा सांगितले. नाकात काडी घालायला मात्र हर्षा, ती म्हणाली.

ती गेल्यावर साहेब हसले. "पंत, हे घर नाई, जळती चूल हाय. जो तो येकमेकावर जळून राह्यला."

मी म्हणालो, हो. खाली मान घालून लिहीत राहिलो.

पण मला एक गोष्ट खटकत होती आणि ती बोलावी की नाही हे ठरत नव्हते. बोललो तर बहुतेक साहेबांना ती आधीच सुचलेली असते. शेवटी बोललो. वर्षालीची फजिती करायची असती, तर बंडू काय किंवा हर्षा काय, गुरुवारपासून कधीही वही उचलू शकले असते. दोन दिवस ती वही कुणाला नको होती. "सतरा" हा शब्द ऐकल्यावर ती हवीशी झाली. म्हणजे ज्याने ती नेली, त्याला वही न उघडता माहीत होते की सतरा कोण आहे.

"म्हणजे सतरा नंबरनंच नेली," साहेब लगेच म्हणाले. "सोताले वाचवाले. बरोबर हाय. मी गाडीतच मनलो होतो."

गाडीत ते झोपले होते. पण मीही तसे लिहून घेतले नव्हते, त्यामुळे खात्री देता येत नाही.

प्रश्न उरलाच. गुरुवारी प्रत्येकाला नंबरचा पुठ्ठ्याचा बिल्ला दिला होता, पण खिचडी घेताना तो परत द्यायचा होता. बिल्ले सगळे परत आले होते. बहुतेकांना अंक वाचता येत नव्हते. आणि एक वाजला होता. पडवीतल्या तीन-चार पथाऱ्या गुंडाळलेल्या दिसू लागल्या होत्या. बस येणार हे लोकांना कळले होते, आणि शाळेतले एकवीस दिवस कुणी विसरले नव्हते.

४

तेव्हा साहेबांनी जे केले ते मला सुचले नसते, हे मान्य केले पाहिजे.

ते पडवीच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "कोनी पयू नका. गुरवारची रांग होती ना, तशीच रांग लावा. सतरावा कोन होता ते मी मोजतो. बाकीचे आपापल्या जागेवर जा."

नंबर रांगेनेच दिले होते. माणसाला नंबर आठवत नाही, पण आपल्या पुढे कोण होते ते आठवते. विशेषतः रांगेत ज्याचे आयुष्य गेले त्याला. एक अडचण मात्र होती. अशा लोकांच्या रांगेत माणसे उभी नसतात. वस्तू असतात. कुणी चप्पल ठेवतो, कुणी वीट, कुणी पाण्याची बाटली, आणि स्वतः सावलीत जाऊन बसतो. पुढची वस्तू सरकली की आपली सरकवायची. त्यामुळे "तुझ्या पुढं कोन होतं?" असे साहेबांनी विचारले की उत्तरे येत, "निळी चप्पल", "फुटकी बादली", "अर्धी वीट". मग ती निळी चप्पल कुणाची यावर वाद होई. साहेब तो मिटवीत, कधी हसून, कधी दरडावून. मी एकेक उत्तर लिहून घेत होतो.

पाऊण तासात सोळा माणसे उभी झाली. सोळावी सुभद्रा, कानाने जवळजवळ बहिरी म्हातारी.

सतरावी म्हणून गंगूबाई पुढे आली.

गंगूबाई साठीची, अकोल्याच्याच माळी कुटुंबातली, देवळाबाहेर बसून हार ओवून विकणारी. ती सुभद्रेच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या म्होरं सुभद्रा होती. मी सतरा."

तिच्या मागे शेषराव येऊन उभा राहिला. हा मूळचा वरूडकडचा, संत्र्याच्या पेट्या भरणारा. हात कापू लागले तेव्हा काम सुटले. तो गंगूबाईचा नवरा नव्हे. पाच वर्षांपासून दोघांच्या पथाऱ्या शेजारी असतात, एवढेच. साहेबांनी त्याला विचारले, तुझ्या पुढे कोण होते. त्याने गंगूबाईकडे पाहिले. तीच म्हणाली, "माह्यामांगं होता थो. त्याले काय इचारता, त्याले सकाळचं जेवन आठवत नाई." लोक हसले. शेषरावही हसला आणि मग खोकला. जानेवारीत तिथे अर्धा निवारा खोकत होता.

एकोणिसावा कुंदन, बाजारात हमाली करणारा. तो म्हणाला, "माह्या म्होरं टोपली होती. माही लाथ तिले लागली त माह्या बापाचा उद्धार झाला." पुन्हा सगळे हसले, साहेबही. मी तेही लिहिले.

साहेब गंगूबाईकडे वळले. वही तिनेच नेली का, असे त्यांनी मऊपणे विचारले. ती लगेच हो म्हणाली. फोन ऐकला, भीती वाटली, बंडू चहाला गेला तशी किल्ली घेतली. वही मोर्णेत टाकली. आता तिला अमरावतीला न्यायचे असेल तर न्या. बाकीच्यांना कोंडू नका.

वर्षालीने डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी मोबाइल काढला आणि अधिकाऱ्यांना सांगितले की सतरा नंबर सापडला, रुग्णवाहिका पाठवा, बसची गरज नाही. घड्याळात अडीच वाजले होते. माणसे पथाऱ्या उलगडू लागली.

सगळे संपले होते. फक्त माझे लिहून व्हायचे होते.

५

जेवणे उरकल्यावर मी पडवीच्या कोपऱ्यात वही साफ करायला बसलो. साहेबांनी पातोडीची भाजी सगळी संपवली होती आणि "वहिनींच्या हाताला तोड नाई," असे वर्षालीला सांगत होते.

मी पहिल्या उत्तरापासून वाचत आलो आणि कुंदनवर थांबलो. "माह्या म्होरं टोपली होती."

टोपली गंगूबाईची. निवाऱ्यात दुसऱ्या कुणाकडे टोपली नाही. कुंदन एकोणिसावा. त्याच्या पुढचा म्हणजे अठरावा. मग अठरा नंबर गंगूबाई, आणि सतरा तिच्या पुढचा.

माझ्या अशा शोधांवर माझा विश्वास नसतो. कदाचित तिची टोपली शेषरावाने आपल्या जागेवर ठेवली असेल. मी कुंदनला गाठून हळूच विचारले, लाथ लागली तेव्हा शिवी कुठून आली.

"म्होरून, बाबूजी. मांगं वळून देल्ली तिनं. शेषरावबुढा तिच्याई म्होरं होता, त्याले आयकूबी नाई आलं."

मी जागेवर येऊन बसलो. आता दुसरी गोष्टही दिसली, जी आधीच दिसायला हवी होती. स्वतःला नेतील या भीतीने जी बाई सकाळी वही चोरते, ती दुपारी कुणी धरण्याआधीच "मी सतरा" म्हणून पुढे का येते? सकाळी तिला सतरा नंबर लपवायचा होता. रांग लागल्यावर तो लपणार नाही हे कळले, तेव्हा तिने त्याची जागा घेतली. त्याचा बिल्लाही तीच सांभाळत असणार. खिचडीच्या वेळी दोन्ही तिनेच दिले असणार. हार विकून तिला अंक ओळखता येत असणार, म्हणून तिला सतरा ऐकताच कळले.

पण का? दवाखान्यात खाट होती, जेवण होते, औषध होते. शेषरावाला तिथे जाऊ न देण्यासाठी स्वतः जायला निघावे, असे तिथे काय होते?

हे मात्र मला फार शोधावे लागले नाही. निवाऱ्यातली पहिली आजारी सोमवारी सापडली होती. तिचे नाव माणिकबाई. दोन महिन्यांपूर्वीच आलेली, तीही वरूडची. वर्षाली दारात सांगताना म्हणाली होती, की शेषराव आणि माणिकबाई तासन् तास संत्र्यांच्या बागांच्या गोष्टी करत बसायचे, तेवढे त्याला बरोबर आठवते. माणिकबाई आता अमरावतीच्या त्याच दवाखान्यात होती. शेषराव तिथे एकवीस दिवस राहणार होता. आणि गंगूबाईला अमरावतीत कुणी येऊ दिले नसते.

हे मला कसे कळले, ते मी कुणाला सांगितले नाही. ज्या माणसाला आपल्या घरच्या डब्यात कुणासाठी काय भरले आहे हे बरोबर कळते, त्याला ते कळते.

चारला रुग्णवाहिका आली. गंगूबाई टोपली डोक्यावर घेऊन चढली. साहेब चालकाशी बोलत होते. मी उठायला हवे होते.

मी उठलो नाही.

सोमवारी तिची पुन्हा तपासणी होईल, असा विचार माझ्या मनात आला. तिच्यात काही निघणार नाही. मग महादेवराव साहेबांची रांग, त्यांची मोजणी, त्यांचा फोन हे सगळे चुकीचे होते हे कागदावर येईल. मी काही करायचे नव्हते. मी फक्त बसून राहायचे होते, आणि बसून राहण्यात मी एकतीस वर्षे कुणाला हार गेलो नव्हतो. सिंधूलाही कळले असते. रुग्णवाहिकेचे दार लागले. इंजिन सुरू झाले. मला इतके हलके खूप वर्षांत वाटले नव्हते.

तेव्हा पडवीत शेषराव खोकला. या वेळी तो थांबेना. बहिरी सुभद्रा उठली, तिने आपला पितळी पेला पाण्याने भरून त्याच्या तोंडाला लावला, तो घोटभर प्यायला आणि उरलेले पाणी ती स्वतः प्यायला लागली.

मी धावलो. एकाहत्तराव्या वर्षी त्याला धावणे म्हणता येणार नाही. आधी पेला तिच्या हातून काढून घेतला आणि मग फाटकाकडे गेलो. रुग्णवाहिका फाटकाबाहेर जाऊन नदीच्या वळणाला लागली होती. मी कुंदनला ओरडून सांगितले, आणि तो माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला धावतो.

६

मी फाटकात उभा राहून साहेबांना सगळे सांगितले, टोपलीपासून. मला दम लागला होता, त्यामुळे ते दोन वाक्यांत झाले. त्यांनी माझी वही घेतली, कुंदनची ओळ वाचली, पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"पंत," ते म्हणाले, "हे तुमाले कवा समजलं?"

"आत्ता," मी म्हणालो.

"गाडी निघाल्यावर?"

"वही पुन्हा वाचत होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग ते वर्षालीला हाक मारून म्हणाले, की शेषरावाला बाजूला बसवा, मुखपट्टी द्या, सुभद्रेला वेगळी खोली द्या. अधिकाऱ्यांना त्यांनी स्वतः फोन केला आणि सांगितले, "चूक माझी झाली. आमच्या मोरोपंतांनी पकडली." असे बोलायला मला जमले नसते. मला त्याचाही राग आला.

गंगूबाई रुग्णवाहिकेतून उतरली. मी तिला बाजूला घेऊन सांगितले, की मला ठाऊक आहे. शेषराव पुढे उभा होता, सतरा नंबर त्याचा. तो इथे राहिला असता तर आधी सुभद्रा आणि मग बाकीचे आजारी पडले असते, आणि अमरावतीचे औषध न मिळाल्याने तो स्वतःही. तिने ऐकून घेतले. मग टोपलीत हात घालून झेंडूखालून ओली वही काढली आणि माझ्या हातात ठेवली. पाने फुगली होती, काही ठिकाणी शाई पसरली होती. सतरा नंबर वाचता येत होता. शेषराव.

"मोर्णेत काहून नाही टाकली?" मी विचारले. तिच्याशी बोलताना माझ्या तोंडून तिचीच भाषा आली.

"त्यात त्याचं नाव लिव्हलं हाय ना," ती म्हणाली.

मग तिने एक मागणे केले. त्याला आणि माणिकबाईला एका खोलीत ठेवू नका, एवढे करा. मी अमरावतीच्या दवाखान्यात फोन लावला. बायकांचा कक्ष वेगळा आहे, मध्ये कुलूप लावलेले दार आहे, असे त्यांनी सांगितले. मी तिला तसे सांगितले.

"खिडकी कोन्या अंगाले हाय?"

मी पुन्हा फोन लावला. पलीकडच्या परिचारिकेला मी वेडा वाटलो असणार. पुरुषांची खिडकी रस्त्याकडे, बायकांची अंगणाकडे.

गंगूबाईने विचार केला आणि मान हलवली. शेषरावाला रुग्णवाहिकेत चढवताना ती जवळ गेली नाही, वर्षालीने जाऊ दिले नसते. लांबून तिने एवढेच सांगितले, की डाव्या खिशात खोकल्याची पुडी आहे, आणि कुणाशी फार बोलू नको, छाती दुखते. तो हो म्हणाला. कुठे चाललो आहे, हे त्याला बहुधा नीट कळले नव्हते. रुग्णवाहिका गेली.

पाचला बस आली. अधिकाऱ्यांचा माणूस खाली उतरला, त्याने ओली वही पाहिली, सतरा नंबरावर बोट ठेवले आणि तेहतीस माणसे मोजून घेतली. एकही कमी नव्हता. वर्षालीने सही केली. बस होती तशी रिकामी वळली आणि पुलावरून निघून गेली. बंडू खोलीतून खुर्ची घेऊन आला आणि, कुणी सांगितले नसताना, वर्षालीसाठी ठेवली.

चोरीचे काय करायचे, असे वर्षालीने मला विचारले. मी म्हणालो, अहवाल मी लिहिणार आहे. वही कपाटातून पडवीत आली आणि पाण्यात भिजली, असे लिहीन. दुसरी प्रत बंद पाकिटात वेगळ्या कपाटात ठेवावी, असा नियमही घालीन.

साहेब गाडीकडे गेले. मी पायरीवर चपला शोधत होतो. गंगूबाई तिथेच बसून हार ओवू लागली होती. संध्याकाळच्या आरतीची गिऱ्हाइके अजून मिळाली असती. मी उशिरा उठलो हे तिने रुग्णवाहिकेच्या काचेतून पाहिले होते. निदान मला तसे वाटले, कारण तिने सुईवरून नजर न काढता विचारले,

"तुमचं कोन हाय, बाबूजी?"

मला प्रश्न कळला. एक चप्पल पायात घालून मी सिंधूचे नाव सांगायला तोंड उघडले.

तेवढ्यात गाडीतून साहेबांचा आवाज आला. ते फोनवर मोठ्याने, खुशीत बोलत होते. "अवो, सगळं तुमच्या नवऱ्यानंच शोधलं, वहिनी. मी त निसता रांग लावत बसलो."

मी एकच चप्पल घालून गाडीकडे निघालो, जरा घाईने.